पूजा झाली का?

मी शाळेत शिक्षिका म्हणून लागले त्याच आठवड्यात ऑफिसमध्ये एक रजेचा अर्ज माझ्या हाती पडला. कारणाच्या जागी टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘कंटाळा आला आहे.’ खाली विज्ञानाच्या सरांची सही होती. मुख्याध्यापक कपाळाला हात लावून बसले होते.

“अहो सर, प्रकृती अस्वास्थ्य लिहा ना. सगळे तेच लिहितात.”

“प्रकृती उत्तम आहे.”

“मग घरगुती अडचण लिहा.”

“घरीही सगळं ठीक आहे.”

रजा मिळाली नाही. सर उठले, आठवीच्या वर्गात गेले आणि मुलांना म्हणाले, “आज मला शिकवायचा कंटाळा आलाय. चला, आंब्याखाली बसून मुंग्या बघू.” ती मुलं आता नोकऱ्यांना लागली, काहींना मुलं झाली. भेटली की मुंग्यांबद्दलच बोलतात.

सर खोटं बोलत नसत. वाचायला हे फार बरं वाटतं, पण अशा माणसाच्या शेजारी राहून बघावं. लग्नानंतर आम्ही परटवण्यात घर घेतलं ते नेमकं सरांच्या शेजारी. दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा. पहिल्या गणपतीला मी हौसेने उकडीचे मोदक केले आणि त्यांच्याकडे पाच नेऊन दिले. संध्याकाळी सर गडग्यापाशी आले. “पारी जाड झाली आहे,” म्हणाले, “सारण मात्र उत्तम.” मी आत जाऊन रडले. पण पुढे कधी त्यांनी माझ्या कशाला चांगलं म्हटलं, तर तो दिवस माझा मजेत जायचा, कारण ते खरं असायचं.

मिरकरवाड्याहून एक मावशी टोपलीत मासे घेऊन आमच्या गल्लीत येत असे. तिच्याभोवती बायका जमल्या की सर फाटकातून बघायचे आणि शांतपणे सांगायचे, “सुरमई ताजी आहे. बांगडा कालचा दिसतोय.” मावशी उखडायची. “मास्तर, तुमी वायच गप ऱ्हावा ना! माजा धंदा बुडवताव!” तरी टोपली उतरवायची ती त्यांच्याच फाटकापाशी. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाली, “मास्तर चांगला म्हनले का बायका डोळे मिटून घेतात गो. दुसऱ्या कोनाचा आयकतायत?”

सर देव मानत नसत. हे ते कुणी विचारलं तरच सांगत. एका वकील मित्राबरोबर गावोगावी जाऊन ते भोंदूगिरीवर भाषणं करायचे, पण शाळेत किंवा गल्लीत कुणाच्या श्रद्धेला त्यांनी कधी टोचलं नाही. शाळेच्या प्रार्थनेला ते इतरांसारखेच उभे राहायचे, फक्त हात न जोडता आणि डोळे उघडे ठेवून. एका पालकांनी त्यावर तक्रार केली. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, “सातशे मुलं डोळे मिटून उभी असतात. एकाचे तरी उघडे नकोत का?” पुढच्याच आठवड्यात पाचवीतली एक मुलगी प्रार्थनेत चक्कर येऊन कोसळली. ती जमिनीवर आपटायच्या आत सरांनी तिला धरलं होतं. आम्ही बाकीचे डोळे उघडेपर्यंत ते तिला सावलीत नेऊन पाणी पाजत होते. त्यानंतर तक्रार आली नाही.

एकदा मूल्यशिक्षणाच्या तासाला एका मुलाने त्यांना विचारलं, “सर, देवच नसेल तर खोटं का नाही बोलायचं?” मी मागच्या बाकावर वह्या तपासत बसले होते. सर म्हणाले, “माहीत नाही. विचार करून सांगतो.” मुलं हसली. आठ दिवसांनी, सगळे तो प्रश्न विसरल्यावर, सरांनी त्या मुलाला उभं केलं. “हे बघ. तू मला खोटं सांगितलंस, की मला त्या खोट्या जगात राहावं लागतं. मला वाटतं मी खऱ्यात आहे. तू मला तिकडे ढकललंस आणि विचारलंही नाहीस. म्हणून नाही बोलायचं. देव असो, नसो.” मुलगा मान हलवून बसला. मला मात्र ते वाक्य त्या दिवसापासून अडकून राहिलं, कारण मी सोळा सोमवार करणारी, मंगळवारी न चुकता देवळात जाणारी बाई, आणि खोटं का बोलू नये याचा विचार मी कधी केलाच नव्हता. पाप लागतं, एवढंच आईने सांगितलं होतं.

सरांच्या बायकोला मी काकू म्हणायचे. त्या वेळणेश्वरच्या. माहेरी रोजची पूजा, रोजचा नैवेद्य. लग्नात आईने दिलेले देव त्या घेऊन आल्या होत्या. एक रांगता बाळकृष्ण, एक अन्नपूर्णा आणि वाटीएवढा शंकर. पहाटे अंघोळ करून पाटावर बसल्या की तासभर त्यांचं जग वेगळं असायचं. सर त्याआधी उठून बागेतली फुलं काढायचे. जास्वंद, अनंत, सोनटक्का, दारची तुळस. परडी भरली की देवघराच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे फिरायचं. आत पाऊल टाकायचं नाही. मी एकदा थट्टेने म्हटलं, “सर, देवाला फुलं चालतात वाटतं तुमची?” ते म्हणाले, “मी फुलं हिच्यासाठी आणतो. ती कोणाला घालते, ते तिचं तिने बघावं.”

दर वर्षी माघी गणपतीला सर काकूंना स्कूटरवर बसवून हेदवीला न्यायचे. जयगडला फेरीबोटीने खाडी ओलांडायची, तवसाळला उतरायचं, मग हेदवी. काकू वर देवळात जायच्या. सर पायऱ्यांखाली झाडाच्या सावलीत पेपर वाचत बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला राखायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख कुणाला किती होतं, हे दोघांनीही कधी दाखवलं नाही.

सर निवृत्त झाल्यावर काकूंचं विसरणं सुरू झालं, ते देवघरातूनच. एकदा नैवेद्याच्या वाटीत साखरेच्या जागी मीठ. एकदा निरांजन लावलं, विझवलं, पुन्हा लावलं, असं चार वेळा. मग एका सकाळी बाळकृष्ण सापडेना. घरभर शोधाशोध झाली आणि तो निघाला फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्यामागे. काकू हसल्या, आम्हीही हसलो. सर हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी ते त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. परत आल्यावर गडग्यापाशी येऊन मला म्हणाले, “हळूहळू सगळं पुसलं जाणार आहे. औषध नाही.” आवाज वर्गात धडा सांगावा तसा. हात मात्र गडग्यावरचं शेवाळ खरवडत होते.

वर्षभरात काकूंना पूजा जमेनाशी झाली. ताम्हणात देव घ्यायचे, की आधी पाणी, की आधी गंध उगाळायचं, हातांनाच कळेना. त्या पाटावर बसून रडायच्या. पण पूजा करायची असते, हे मात्र डोक्यातून जात नव्हतं. दिवसभर एकच प्रश्न.

“अहो, पूजा झाली का?”

“नाही झाली.”

“अगो बाई! पारोसे राहिले देव!” म्हणत त्या उठायच्या, न्हाणीघराकडे धावायच्या. दिवसातून चार चार अंघोळी. सर्दी झाली, ताप आला. एकदा ओल्या फरशीवर घसरून मनगट मोडलं.

प्लास्टर घातलेला तो हात बघून मी सरांना म्हटलं, “सर, नुसतं ‘झाली’ म्हणा ना. त्यांना काय कळणार आहे?”

सर म्हणाले, “तिला कळणार नाही, म्हणूनच तर म्हणता येत नाही.”

समोरच्या बाईंनी सुचवलं, मोबाईलवर आरती लावून द्या, आवाज ऐकला की शांत होतील. सर म्हणाले, “आणि तिने विचारलं तर काय सांगू? मोबाईलने केली?”

दोन दिवसांनी सकाळी मी मुलाचा डबा भरत होते आणि शेजारून घंटा ऐकू आली. बेताल, अडखळणारी. काकूंचा हात तर प्लास्टरमध्ये. मी तशीच धावले. देवघरात पाटावर सर बसले होते. पायजमा, बनियन, नाकावर चष्मा. समोर कागद. मला बघून म्हणाले, “बरं झालं आलात. गंध आधी की फूल आधी?”

“गंध आधी.”

त्यांनी कागदावर दुरुस्ती केली. मी डोकावले. शाळेच्या प्रयोगवहीत लिहावं तसं लिहिलं होतं. साहित्य : ताम्हण, पळी, सहाण, खोड. मग कृती, क्रमांक घालून. निष्कर्षाची ओळ रिकामी होती. काकू भिंतीला टेकून बघत होत्या. सगळं आटोपल्यावर त्यांनी विचारलं, “अहो, पूजा झाली का?”

“झाली,” सर म्हणाले.

काकूंनी डोळे मिटले. त्या दिवशी त्या दुपारपर्यंत शांत झोपल्या.

घंटेचा आवाज गल्लीत लपत नाही. निवृत्त मुख्याध्यापक पेढे घेऊन आले. “सर, शेवटी वळलातच ना! त्याच्या दारी उशीर नसतो.” सर म्हणाले, “पूजा करतो. मानत नाही.” मुख्याध्यापकांना वाटलं, लाजतायत. मग वकील मित्र आले. ते ओटीवर उभ्याउभ्याच बोलले. “तुम्हीसुद्धा? मग आपण तीस वर्षं लोकांना काय सांगत होतो?” सर तेच म्हणाले, “पूजा करतो. मानत नाही.” वकील म्हणाले, “हा शब्दांचा खेळ आहे,” आणि गेले. ते पुन्हा आले ते एकदाच. एकाला सर आपले झाले असं वाटलं, दुसऱ्याला परके झाले असं. सर आपले आमसुलं भिजवून ताम्हण घासत बसले.

असे सहा-सात महिने बरे गेले. सरांचा हात बसला. घंटा ताल धरू लागली. थंडीच्या दिवसांत बाळकृष्णाला कोमट पाणी लागतं, हेही ते शिकले.

मग एका सकाळी शेजारून किंकाळी आली.

मी गेले तेव्हा काकू देवघराच्या दारात थरथरत उभ्या होत्या. पळी त्यांनी भिरकावली होती. सरांच्या कपाळाला लागून बारीक रक्त आलं होतं.

“कोण हा बाप्या? माझ्या देवांना हात लावतोय!”

“मी आहे गं,” सर म्हणत होते. “मी. तुझा नवरा.”

“खोटं! आमचे हे पूजा करत नाहीत. कधीच नाही केली. कोण तुम्ही? हे कुठे आहेत? काय केलंत त्यांना?”

सर पाटावरून उठले, जवळ आले, तशा त्या किंचाळत बाहेर पळाल्या. रस्त्यावर गाडीखाली येता येता मी त्यांना धरलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पूजा नाही केली, तर ‘झाली का’ म्हणून जीव घ्यायच्या. केली, तर पाटावरचा माणूस आपला नवरा असूच शकत नाही, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. बाकी सगळं पुसलं गेलं होतं, पण तेवढं राहिलं होतं. त्यांनी अन्न टाकलं. अनोळखी माणसाच्या हातचा घास कोण खाईल? चौथ्या दिवशी मी सकाळपासून तिथेच होते. काकूंना कवेत धरून देवघराच्या दाराशी बसले होते. सरांनी पळी उचलली. काकूंचं अंग ताठ झालं. पण या वेळी त्या ओरडल्या नाहीत. मान वाकडी करून बघत राहिल्या आणि हळूच विचारलं,

“भटजी ना तुम्ही?”

सरांचा हात ताम्हणावर थांबला. पळीतलं पाणी थेंब थेंब गळून संपलं. मी ‘हो म्हणा, हो म्हणा’ असा मनात धावा करत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“हो,” ते म्हणाले.

काकूंचं अंग सैल झालं. “मग असं सांगायचं ना! मेली मी उगाच घाबरले.” त्यांनी पदर सावरला. “बसा, बसा. चहा घ्याल ना? हे येतीलच आता.”

काकूंना भात भरवून मी मागच्या पडवीत आले, तर सर पायरीवर बसले होते. कपाळावरची खपली त्यांनी ओरबाडून काढली होती.

“मी आज खोटं बोललो.”

“सर, याला खोटं म्हणत नाहीत. त्यांच्या भल्यासाठी...”

“खोटं बोलणारा प्रत्येक जण हेच म्हणतो.” त्यांनी खपली बागेत टाकली. “आता ती ज्या घरात राहते, त्या घरात तिचा नवरा नाही. मीच काढून टाकला त्याला.”

मी आत जाऊन काकूंच्या अंगावर पांघरूण घातलं.

सरांनी मग एक उपाय काढला. सकाळी पूजा आटोपली की मागच्या दाराने बाहेर पडायचं, माझ्याकडे यायचं, शाळेत घालायचे तो पांढरा शर्ट आणि करडी पँट चढवायची आणि पुढच्या दाराने पिशवी घेऊन घरात शिरायचं. “आलात?” काकू म्हणायच्या. “आत्ताच भटजी गेले. चांगला आहे हो बिचारा.” सर म्हणायचे, “हो का?” तो त्यांचा दिवसातला बरा काळ. रोज सकाळी आमच्या ओटीवर कपडे बदलताना ते शर्टाची इस्त्री पुन्हा पुन्हा बघायचे. पण पावसाळा सरता सरता काकू त्या पांढऱ्या शर्टाकडेही कोरं बघू लागल्या. दार उघडायच्या, “कोण पाहिजे?” विचारायच्या. सर म्हणायचे, “मी,” आणि थांबायचे. मग एक दिवस त्यांनी तो शर्ट घडी करून माझ्याकडेच ठेवला. काकूंना ओळखीचा माणूस एकच उरला होता, सकाळचे भटजी. सर दिवसभर भटजीच राहिले.

भटजींजवळ काकू मन मोकळं करायच्या. मी तुळस खुडून द्यायला जायचे, तेव्हा कानावर पडायचं. वेळणेश्वरच्या समुद्राचं, भावाचं, आईच्या हातच्या सांदणांचं. एके दिवशी सर गंध उगाळत होते आणि काकू एकदम म्हणाल्या,

“आमचे हे फार चांगले आहेत हो भटजी. खोटं म्हणून बोलायचे नाहीत. कुणाचं वाईट चिंतायचे नाहीत.”

सर उगाळत राहिले.

“पण जन्म गेला, एकदा म्हणून माझ्याजवळ येऊन बसले नाहीत इथे. फुलं आणून द्यायचे उंबऱ्यावर आणि जायचे. मी बसायची एकटीच.” त्यांनी बाळकृष्णाकडे पाहिलं. “देव नव्हता पटत, तर नसू दे. पण इथे मी होते ना?”

सहाणेवरचा हात थांबला.

“तुम्ही काही बोलू नका हां त्यांना. वाईट वाटेल त्यांना.”

“नाही बोलणार,” सर म्हणाले. मग त्यांनी पाट थोडा सरकवला आणि म्हणाले, “तुम्ही इकडे बसता? माझ्याशेजारी?”

“मी? भटजींच्या शेजारी? इश्श, काहीतरीच!” काकू हसल्या आणि भिंतीपाशीच बसून राहिल्या.

मी तुळशीची पानं तिथेच ठेवली आणि घरी आले.

शेवटच्या दिवसांत काकू अंथरुणाला खिळल्या. बोलणं अगदी कमी झालं होतं. एका दुपारी बोटाने खूण करून त्यांनी सरांना जवळ बोलावलं. मी पायाशी होते. “भटजी, मी गेले की ह्यांना काही करायला लावू नका. त्यांना जमायचं नाही ते. लोक जोर करतील, ते नाही म्हणतील, मग लोक वाट्टेल ते बोलतील. तुम्हीच करा सगळं. करता ना?”

“करतो,” सर म्हणाले.

आंब्याला मोहोर धरला त्या आठवड्यात, सकाळी साडेनऊच्या सुमारास, सर नैवेद्याची वाटी घेऊन खोलीत गेले आणि काकू गेलेल्या होत्या.

वेळणेश्वरहून भाऊ तयारीनेच आला होता. त्याला मेहुण्याचा स्वभाव ठाऊक. “भाऊजी, तुम्ही काळजी करू नका. अग्नी मी देतो, दिवसही मीच करतो.” सर म्हणाले, “नको. मी करतो.” भाऊ चकित झाला. सरांनी सगळं केलं. केस उतरवले. गुरुजी सांगतील ते ते शब्द, सांगतील त्या उच्चारात म्हटले. दहाव्याला भाट्याच्या खाडीत पाण्यात उभे राहिले. पाचव्या दिवशी ते वकील मित्र भेटायला आले होते. मुंडण केलेले, दर्भ हातात घेतलेले सर बघून दारातच थबकले. “माझ्यासाठी तुम्ही आज गेलात,” एवढं बोलून वळले. सरांनी त्यांना एका शब्दाने काही समजावलं नाही. मी नंतर चिडून म्हटलं, “सांगायचं तरी होतं त्यांना!” तर म्हणाले, “शब्द दिला होता तो तिला. त्यांना सांगण्यासारखं काय आहे त्यात?”

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सकाळी घंटा वाजली नाही. मी दहा वाजेपर्यंत कान देऊन होते. मग गेले. सर ओटीवर बसले होते.

“पूजा, सर?”

“विचारणारं कोण आहे आता?”

महिन्याभराने त्यांनी मला विचारलं, गाडी घेऊन वेळणेश्वरला याल का. देव काकूंच्या भावाकडे द्यायचे होते. मी म्हटलं, “राहू द्या ना घरात. नुसते असू देत.” ते म्हणाले, “मी मानत नाही आणि ती नाही. नुसते ठेवले तर तो देखावा होईल.” देव धुतलेल्या पंच्यात गुंडाळून मांडीवरच्या टोपलीत ठेवले होते. फेरीबोटीवर गाडी चढवताना हिसका बसला, तसा त्यांनी टोपलीवर दोन्ही हात धरले.

काकूंच्या वहिनींनी देव आपल्या देव्हाऱ्यात ठेवले, हळदकुंकू वाहिलं. सर उंबऱ्याबाहेरून बघत होते. “बाळकृष्णाला थंडीत कोमट पाणी घाला,” म्हणाले. “गार नको. ती घालत नसे.” वहिनींच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांनी जेवायला थांबा म्हणून आग्रह केला. सर म्हणाले, “भूक नाही.” आणि ती नसणारच, ते सर होते.

परतीच्या बोटीत आम्ही गाडीतून उतरून कठड्यापाशी उभे राहिलो. दुपारचं पाणी तापलेल्या पत्र्यासारखं चमकत होतं. रिकामी टोपली सरांच्या हातात होती.

“तुम्ही देवळात जाता,” ते म्हणाले. “तिथे क्षमा कशी मागतात?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणतात? मी तिला वर्षभर फसवलं. तुमच्यासारखा असतो तर देवाला सांगितलं असतं आणि मोकळा झालो असतो. मला ती सोय नाही. ज्याला फसवलं, त्यानेच माफ करायचं. ती तर मला ओळखतच नव्हती. आणि आता तर...”

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला कळलं, की मला माहीत नाही. इतकी वर्षं दर मंगळवारी मी हात जोडते. हे दे, ते दे, मुलाला पास कर, नवऱ्याचं दुखणं बरं कर. क्षमा अशी मी कधी मागितलीच नव्हती. “माहीत नाही, सर,” मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. जणू परीक्षेत मी बरोबर उत्तर दिलं होतं.

बोट खाडीच्या मध्यावर होती. सर पाण्याकडे बघत म्हणाले, “एक विचारू? मी औषधं आणायला वगैरे बाहेर जायचो, तेव्हा तुम्ही तिच्याजवळ असायचात. शेवटी शेवटी तिने तुमच्याजवळ कधी माझं नाव काढलं? भटजींचं नाही. माझं.”

भटजींजवळ काय बोलल्या ते बोलल्या, माझ्याजवळ शेवटचे चार महिने काकूंनी त्यांचं नाव काढलं नव्हतं. एकदाही नाही. मी रोज वाट बघत होते. एकदा तर मी स्वतः विचारलं होतं, “काकू, सर कुठे आहेत?” तेव्हा त्या माझ्याकडे बघून हसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, “कोण सर?”

“हो,” मी म्हटलं. “शेवटच्या आठवड्यात. ‘हे आले का’ म्हणाल्या. मी म्हटलं, येतायत. तर म्हणाल्या, ‘त्यांना म्हणावं सावकाश या, मी आहे.’”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं मुलांचे चेहरे वाचलेला माणूस. कुणी गृहपाठ केलाय आणि कुणी नाही, हे वही न उघडता सांगणारा. मी नजर खाली घातली नाही, हेही माझ्याने कसं झालं, ठाऊक नाही.

“बरं,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “बरं झालं सांगितलंत.”

त्यांना खरं वाटलं, की मला क्षमा केली, की स्वतःला तेवढं घेऊ दिलं, हे मी त्यांना कधी विचारू शकले नाही. पुढच्या गणपतीनंतर दहा-बारा दिवसांत सर गेले. झोपेतच. मूलबाळ नाही, नातेवाईक लांबचे. अग्नी माझ्या नवऱ्याने दिला, मंत्रांशिवाय, कारण सरांनी आम्हाला तसं सांगून ठेवलं होतं. तो शब्द मी पाळला.

मंगळवारी मी अजूनही देवळात जाते. गेलं वर्षभर क्षमा मागून बघतेय. पण मनात पक्कं माहीत आहे, सर आत्ता समोर आले आणि त्यांनी पुन्हा तेच विचारलं, तर मी पुन्हा ‘हो’ म्हणेन.